तक्रारीच्या अलीकडची जागा

छळाविषयी बोलायला आलेली व्यक्ती बहुधा मूळ विषयापासून सुरुवात करत नाही. ती आधी दार लोटून घेते, हजेरीविषयी किंवा परीक्षेच्या तारखेविषयी एखादा किरकोळ प्रश्न विचारते, थोडी घुटमळते, आणि मग म्हणते, "मी जे सांगेन ते तुम्ही पुढे कोणाला सांगणार का?" पुढचे वाक्य बाहेर पडणार की घशातच राहणार, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. विद्यापीठातल्या बहुतेक माणसांना मात्र या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. विभागप्रमुखाच्या कानावर गोष्ट गेली की त्याला काहीतरी करणे भाग पडते. तक्रार समितीच्या सदस्याला उद्या याच प्रकरणात निष्कर्ष काढायचा असू शकतो. गाइड कित्येकदा ज्याच्याविषयी बोलायचे आहे तोच असतो, नाही तर त्याचा जवळचा सहकारी असतो. मैत्रीण मनापासून ऐकते, पण नियम काय आहेत, मुदत किती आहे, कोणता कागद जपून ठेवायचा, हे तिलाही ठाऊक नसते.

छळविरोधी सल्लागार हे पद नेमके या रिकाम्या जागेसाठी आहे. सल्लागाराने ऐकायचे, नियम समजावून सांगायचे, समोर कोणकोणते मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्गाने गेल्यास काय घडू शकते हे सांगायचे, आणि निर्णय समोरच्या व्यक्तीच्या हातात ठेवायचा. त्याने चौकशी करायची नाही, खरेखोटे ठरवायचे नाही, शिक्षा सुचवायची नाही. हे वर्णन वाचून अनेकांना वाटते की अधिकार नसलेल्या माणसाचा उपयोग तो काय. मला याच्या अगदी उलट वाटते. सल्लागाराकडे कोणताही अधिकार नसणे हाच त्याचा उपयोग आहे, आणि ज्या विद्यापीठांनी या पदाला चौकशीचे, अहवाल देण्याचे किंवा मिटवामिटवीचे काम जोडले, त्यांनी ते पद निकामी केले.

माणसे बोलत नाहीत, हा या विषयातला सर्वांत ठळक आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २०१७ मध्ये तिथल्या ३९ विद्यापीठांतील ३० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणाचा अहवाल प्रसिद्ध केला. ५१ टक्के विद्यार्थ्यांनी २०१६ या एका वर्षात किमान एकदा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले; यात विद्यापीठाबाहेरचे प्रसंगही धरलेले होते. पण खरी बोलकी आकडेवारी पुढे आहे. विद्यापीठाच्या परिसरात किंवा विद्यापीठाशी संबंधित ठिकाणी छळ झालेल्यांपैकी ९४ टक्के, आणि लैंगिक हल्ला झालेल्यांपैकी ८७ टक्के विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडे औपचारिक तक्रार केलीच नव्हती. छळ सोसलेल्यांनी तक्रार न करण्याचे सर्वाधिक वेळा दिलेले कारण असे होते, की घडलेली गोष्ट तक्रार करण्याइतकी गंभीर आहे असे त्यांना वाटले नाही.

या कारणाकडे मी पुन्हा पुन्हा परत येते. तक्रारीची यंत्रणा कितीही चोख असली, तरी तिचे दार उघडण्यापूर्वी माणसाने स्वतःशी एक निवाडा केलेला असावा लागतो: मला जे झाले त्याला छळ म्हणता येते, ते पुरेसे मोठे आहे, आणि ते सिद्ध होऊ शकेल. एकोणीस-वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, तेही एकट्याने, हे सगळे आधीच ठरवून यावे अशी आपली अपेक्षा असते. दुखत असेल तर आधी रोगाचे नाव ठरवून मगच दवाखान्यात या, असे आपण कोणाला सांगत नाही. छळाच्या बाबतीत मात्र आपली बहुतेक सगळी व्यवस्था अशीच बांधलेली आहे. अर्ज आहे, समिती आहे, मुदत आहे, पण अर्जाच्या अलीकडे बसून बोलता येईल असे कोणी नाही.

विद्यापीठाची रचना या मौनाला आणखी घट्ट करते. कारखान्यात किंवा कार्यालयात वरिष्ठाशी पटले नाही तर निदान दुसरीकडे नोकरी शोधण्याचा विचार करता येतो. संशोधक विद्यार्थ्याची गोष्ट निराळी असते. त्याचा विषय, शिष्यवृत्तीची मुदतवाढ, प्रयोगशाळेतली जागा, शोधनिबंधावर कोणाचे नाव कितव्या क्रमांकावर येणार, प्रबंध सादर करण्याची परवानगी आणि नंतर आयुष्यभर लागणारे शिफारसपत्र हे सारे एकाच माणसाच्या सहीपाशी येऊन थांबते. एखाद्या विषयातले जाणकार सगळ्या देशात मिळून मोजकेच असतात आणि ते एकमेकांना ओळखतात, एकमेकांचे प्रबंध तपासतात, एकमेकांच्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक अकादमींनी २०१८ मध्ये काढलेल्या अहवालात विज्ञानशाखांतील लैंगिक छळाचे मूळ शोधताना याच एकाधिकारी नात्याकडे बोट दाखवले होते, आणि विद्यार्थ्याचे भवितव्य एकट्या मार्गदर्शकावर अवलंबून राहू नये अशी व्यवस्था करण्याची शिफारस केली होती. कायद्याची कलमे कागदोपत्री पाळली म्हणजे छळ थांबतो असे नाही, हेही त्या अहवालाने स्पष्ट म्हटले होते. असे परावलंबित्व असताना "तक्रार करा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत" हे आश्वासन तोकडे पडते, कारण तक्रार केल्यावर काय होईल हे विद्यार्थ्याला समितीच्या अहवालापेक्षा गाइडच्या चेहऱ्यावरून अधिक अचूक कळते.

सल्लागाराच्या भूमिकेचा इतिहासही यासंदर्भात पाहण्याजोगा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९७३ मध्ये मेरी रो यांना स्त्रिया आणि त्यांचे काम या विषयासाठी प्रमुखांच्या विशेष साहाय्यक म्हणून नेमले. पुढे त्या अनेक वर्षे तिथल्या ओम्बड्सपर्सन, म्हणजे गाऱ्हाणी गोपनीयपणे ऐकून घेणाऱ्या तटस्थ अधिकारी, होत्या. 'लैंगिक छळ' हा शब्दप्रयोग अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरातील स्त्रियांनी सार्वजनिक चळवळीत रुजवला तो १९७५ च्या सुमारास. म्हणजे छळाला सर्वमान्य नाव मिळण्याआधीच त्याविषयी ऐकून घेणारे माणूस एका संस्थेत बसलेले होते. मला यात योगायोग दिसत नाही. नाव नसलेली गोष्ट अर्जात लिहिता येत नाही, पण कोणाला तरी सांगता येते.

रो यांच्या अनुभवातून आलेली एक पद्धत आजही सल्लागारांच्या कामात उपयोगी पडते. छळ सोसणाऱ्या व्यक्तीने छळ करणाऱ्याला पत्र लिहावे, असे त्या सुचवत. पत्राचे तीन भाग असावेत: पहिल्यात काय घडले ते तारखेसह आणि विशेषणांशिवाय, दुसऱ्यात त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला ते, तिसऱ्यात यापुढे काय व्हावे अशी आपली अपेक्षा आहे ते. हे पत्र पाठवायचे की नाही हे नंतर ठरवता येते. पुष्कळदा ते पाठवले जातही नाही. पण लिहिता लिहिता घटना मनात सुसंगत होते, तारखा जागच्या जागी बसतात, आणि आपल्याला शिक्षा हवी आहे, माफी हवी आहे, की फक्त हे थांबायला हवे आहे, हे लिहिणाऱ्यालाच पहिल्यांदा उमगते. पुढे औपचारिक तक्रार करायची ठरलीच, तर हाच मजकूर तिचा कणा होतो. अनेकांना फक्त ते थांबायला हवे असते, असा या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा अनुभव आहे. समित्यांची रचना मात्र दोष सिद्ध करणे आणि शिक्षा देणे एवढ्याच दिशेने झालेली असते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. अध्यापनात मी नवी असताना एक संशोधक विद्यार्थिनी माझ्याकडे आली आणि तिने एका वरिष्ठ अध्यापकाच्या वागण्याविषयी सांगितले. मी संतापले, आणि त्याच दिवशी विभागप्रमुखांना जाऊन भेटले. माझा हेतू चांगला होता याविषयी मला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. तिला मी एकदाही विचारले नाही, की तुला काय व्हायला हवे आहे. दोन दिवसांत विभागात कुजबुज सुरू झाली, आठवड्याभरात तिने माझ्याशी बोलणे थांबवले, आणि त्या सत्रानंतर ती परत आली नाही. तिचे जे काही होते ते एका माणसाने आधीच हिरावले होते; उरलेला निर्णय मी हिरावला. सल्लागाराच्या प्रशिक्षणात "स्वतःहून काही करू नका" हे वाक्य इतक्या वेळा का सांगितले जाते, हे मला फार उशिरा कळले.

माझ्यासारख्यांची घाई ही व्यक्तिगत चूक असते, पण काही देशांत हीच घाई धोरण झाली आहे. अमेरिकेत शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन या कायद्याचा अर्थ लावताना अनेक विद्यापीठांनी आपल्या जवळजवळ सर्व कर्मचाऱ्यांवर असे बंधन घातले, की लैंगिक छळाची माहिती मिळताच त्यांनी ती संबंधित कार्यालयाला कळवलीच पाहिजे, मग सांगणाऱ्याची इच्छा असो वा नसो. तिथल्या विद्यापीठांच्या धोरणांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की असे सरसकट बंधन घालणारी विद्यापीठेच बहुसंख्य होती. या धोरणामागचा विचार मी हलका मानत नाही. पूर्वी कित्येक संस्थांत तक्रारी टेबलाखाली सरकवल्या जात, 'माहीतच नव्हते' असे म्हणून वरिष्ठ हात झटकत, आणि एकच माणूस वर्षानुवर्षे नव्या नव्या विद्यार्थ्यांना छळत राही. कळवण्याची सक्ती झाली की कोणालाही अज्ञानाचे सोंग घेता येणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता.

परंतु हा हिशेब संस्थेच्या बाजूने मांडलेला आहे. सक्तीमुळे संस्थेला माहिती मिळते, पण ती कधीपर्यंत? जोपर्यंत विद्यार्थ्यांना ही सक्ती ठाऊक नाही तोपर्यंत. एकदा कळले, की ज्यांना प्रकरण वाढवायचे नाही ते कोणाशीच बोलत नाहीत, आणि ज्यांना ठाऊक नसते ते बोलून फसतात. दोन्ही प्रकारांत माणूस हरतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्थेकडून होणाऱ्या विश्वासघाताविषयी केलेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या ज्या विद्यार्थिनींना संस्थेनेही दगा दिल्याचा अनुभव आला, त्यांच्यात चिंतेसारखी मानसिक आघाताची लक्षणे अधिक आढळली, असे त्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. आपण सांगितलेली गोष्ट आपल्याला न विचारता फाइलमध्ये गेली, हा अनुभव त्या दग्याच्या फार जवळचा आहे.

सल्लागार गप्प राहिला तर तोच माणूस इतरांना छळत राहील, हा आक्षेप तरीही उरतो, आणि तो टाळता येणार नाही. त्याची दोन उत्तरे मला पटतात. पहिले असे, की सल्लागाराकडे आलेल्या अनेकांचा प्रवास मौनातून तक्रारीकडेच होतो, फक्त तो त्यांच्या गतीने होतो. बोलता न आलेल्या माणसाकडून तक्रार कधीच येत नाही. दुसरे असे, की नाव गुप्त ठेवूनही एकाच व्यक्तीविषयीच्या तक्रारी एकमेकींना सापडू शकतील अशी व्यवस्था करता येते. कॅलिस्टो या उपक्रमाने २०१५ मध्ये अमेरिकेतील दोन शिक्षणसंस्थांत असा प्रयोग सुरू केला: घडलेल्या प्रसंगाची नोंद कुलूपबंद ठेवायची, आणि त्याच माणसाचे नाव दुसऱ्या कोणी नोंदवले तरच ती पुढे पाठवायची, असा पर्याय नोंद करणाऱ्याला दिला गेला. एकटे पडण्याची भीती ज्यांना अडवत होती त्यांच्यासाठी हा विचार मोलाचा आहे.

गोपनीयतेला मर्यादा असतात, आणि त्या पहिल्याच मिनिटाला सांगितल्या पाहिजेत. जिवाला धोका असेल तर सल्लागार गप्प बसू शकत नाही. न्यायालयाने बोलावले तर त्याला वकिलासारखे संरक्षण मिळेलच असे नाही. भारतात १८ वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवले पाहिजे, असे २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे बंधन आहे, आणि पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेले काही विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात हे सल्लागाराने विसरून चालणार नाही. ऐकून झाल्यावर "हे मात्र मला कळवावे लागेल" असे म्हणणे म्हणजे सापळा लावणे होय. आधी सांगितले, तर किती बोलायचे हे बोलणारा ठरवू शकतो.

भारतातील चौकटीत या पदाची उणीव कुठे आहे ते नीट पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, २०१३ मध्ये कायदा झाला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी २०१५ चे विनियम केले. या विनियमांत चांगल्या गोष्टी पुष्कळ आहेत. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात अंतर्गत तक्रार समितीवर निवडून आलेले विद्यार्थी असावेत, चौकशी चालू असताना तक्रारदाराच्या कामाचे किंवा परीक्षेचे मूल्यमापन प्रतिवादीकडून काढून घेता यावे, चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी, अशा तरतुदी त्यात आहेत. मुख्यतः स्त्रिया, पण काही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, याची दखलही त्यांनी घेतली आहे. परंतु या सगळ्यांची सुरुवात लेखी तक्रारीपासून होते, आणि ती घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. समितीला मुदत वाढवता येते, पण ती मागायची असते हे माहीत असणारा विद्यार्थी विरळा.

ज्या स्त्रीला तक्रार लिहिणे जमत नाही तिला समितीच्या पीठासीन अधिकाऱ्याने किंवा सदस्याने लिहायला साहाय्य करावे, असे २०१३ च्या कायद्याचे ९ वे कलम सांगते. हेतू उदात्त आहे, पण परिणाम काय होतो पाहा. जी व्यक्ती तक्रार लिहायला मदत करते, तीच उद्या दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून निष्कर्ष काढायला बसते. प्रतिवादीने "समिती आधीच तक्रारदाराच्या बाजूने होती" असा आक्षेप घेतला तर तो निराधार म्हणता येईल का? आणि तक्रारदाराच्या बाजूने पाहिले, तर न्यायाधीशापुढे आपल्या शंका, आपली संदिग्धता, "कदाचित मीच जास्त मनावर घेते आहे" हा विचार मोकळेपणाने बोलून दाखवायची हिंमत तिला होईल का? समितीला निःपक्षपाती राहायचे असेल, तर तक्रारदाराची सोबत करण्याचे काम तिच्याकडून काढून घेतले पाहिजे. सल्लागार नेमल्याने समिती दुबळी होत नाही, उलट तिचे निर्णय आक्षेपांपुढे अधिक टिकतात. यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणतेही विद्यापीठ हे पद आजच्या चौकटीत निर्माण करू शकते.

याच तर्काने आरोप झालेल्या व्यक्तीलाही सल्लागार मिळाला पाहिजे, असे मी म्हणते तेव्हा काही सहकारी नाराज होतात. त्यांची नाराजी मला समजते. तरीही ज्याच्यावर आरोप आहे त्याला प्रक्रिया काय आहे, उत्तर कधीपर्यंत द्यायचे, तक्रारदाराशी संपर्क साधणे का टाळायचे, हे कोणीतरी शांतपणे सांगितले, तर धमक्या, मध्यस्थांकरवी दबाव आणि विभागातली गटबाजी कमी होण्याची शक्यता असते. अट एवढीच, की तो सल्लागार वेगळा असावा. एकाच माणसाने दोघांचे ऐकले की तो नकळत तुलना करू लागतो, आणि तुलना म्हणजे निवाड्याची सुरुवात. ऑक्सफर्ड विद्यापीठात निरनिराळ्या विभागांत आणि महाविद्यालयांत असे अनेक सल्लागार नेमलेले असतात. विद्यार्थ्याला आपल्या विभागाबाहेरच्या सल्लागाराकडे जाता आले पाहिजे, हा जाळ्याच्या रचनेचा मोठा फायदा आहे. दहा-बारा अध्यापकांच्या विभागात एकच सल्लागार असेल, तर तो कोणाच्या तरी शेजारच्या खोलीत बसतो.

आता या पदाला असलेल्या सर्वांत मोठ्या धोक्याविषयी. संस्थांना सल्लागार आवडतो, पण पुष्कळदा चुकीच्या कारणासाठी. तक्रार समितीपर्यंत जाण्याआधी प्रकरण 'समजुतीने' मिटवणारा, मुलीला "करिअरचा विचार कर" असे सांगणारा, दोघांना एकत्र बसवून चहा पाजणारा माणूस म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. हे सल्लागाराचे काम नव्हे. २०१३ च्या कायद्यातही समेट घडवून आणायचा तो फक्त तक्रारदार स्त्रीने तशी विनंती केली तर, आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर समेट आधारता येत नाही. समेटाची कल्पना सल्लागाराकडून आली की ती सूचना राहत नाही. विद्यापीठाने दिलेला माणूस तसे म्हणतो म्हणजे विद्यापीठाला तेच हवे आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते. पर्यायांची यादी सांगताना पोलिसांत जाण्याचा, समितीकडे जाण्याचा, पत्र लिहिण्याचा, गाइड बदलून घेण्याचा आणि आत्ता काहीही न करण्याचा असे सगळे मार्ग सारख्याच स्वरात सांगता येणे, ही या कामातली खरी कसोटी आहे. आपला आवाज कोणत्या पर्यायापाशी मऊ होतो हे सल्लागाराला अनेकदा स्वतःला कळत नाही, म्हणून त्याच्या प्रशिक्षणात हे कोणीतरी दाखवून द्यावे लागते. गप्प राहण्याचे करार करून प्रकरणे दाबण्याची प्रथाही याच वृत्तीतून आली. इंग्लंडमधील विद्यापीठांच्या नियामक संस्थेने १ ऑगस्ट २०२५ पासून छळ आणि लैंगिक गैरवर्तनाविषयी स्वतंत्र अट लागू केली, आणि अशा प्रकरणांत विद्यार्थ्यांना गप्प बसवणाऱ्या करारांना तिने मनाई केली आहे.

लोक सल्लागाराकडे ठरावीक कप्प्यात बसणाऱ्या गोष्टी घेऊन येत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. लैंगिक टोमणा, जातीवरून किंवा वंशावरून केलेली हेटाळणी, अपंगत्वाची थट्टा, सर्वांसमोर वारंवार केलेला अपमान, ही सारी एकाच माणसाच्या वाट्याला एकाच आठवड्यात येऊ शकतात. ब्रिटनच्या समता आणि मानवी हक्क आयोगाने २०१९ मध्ये विद्यापीठांतील वांशिक छळाची चौकशी केली तेव्हा वांशिक अल्पसंख्याक विद्यार्थ्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाने असा छळ अनुभवल्याचे सांगितले, आणि त्यांपैकी बहुतेकांनी विद्यापीठाकडे तक्रार केली नव्हती. यंत्रणा मात्र प्रत्येक प्रकारासाठी वेगळी असते: लैंगिक छळासाठी एक समिती, रॅगिंगसाठी दुसरी, भेदभावासाठी तिसरी. आपली गोष्ट कोणत्या खिडकीवर न्यायची हे ठरवण्यातच विद्यार्थ्याचा धीर संपतो. सल्लागाराची खिडकी एकच असावी.

हे काम कोणी करायचे, हा प्रश्न संस्था सहसा घाईने सोडवतात. ज्या अध्यापिकेकडे विद्यार्थी आपणहून जातात, तिचेच नाव यादीत घातले जाते, तिचे तास कमी केले जात नाहीत, आणि वर्षाच्या शेवटी तिच्या शोधनिबंधांची संख्या मोजली जाते. एका भेटीला दोन तास लागतात, तिच्या मागे आणखी चार भेटी असतात, आणि त्या भेटींविषयी ती घरीही काही बोलू शकत नाही. ज्या स्त्रिया आणि ज्या वंचित समूहांतले अध्यापक आधीच थोडे आहेत, त्यांच्यावरच हा भार पडतो. सल्लागाराच्या कामाचे तास अध्यापनभारातून वजा केले पाहिजेत, बढतीच्या वेळी ते धरले पाहिजेत, आणि ऐकलेल्या गोष्टींचा ताण हलका करण्यासाठी त्याला स्वतःला एक अनुभवी मार्गदर्शक मिळाला पाहिजे. एक दिवसाच्या कार्यशाळेने हे काम येत नाही. नेमणूक आणि मुदत यांवर कुलगुरूंच्या मर्जीचा प्रभाव नसावा, कारण तक्रार कधी ना कधी वरच्या मजल्याविषयीही असते.

भारतीय कायद्यानुसार तक्रार समितीला दर वर्षी अहवाल द्यावा लागतो, आणि त्यात तक्रारींची संख्या येते. अनेक संस्थांत हा आकडा शून्य असला की तो अभिमानाने मांडला जातो. शून्य तक्रारींचा अर्थ शून्य छळ असा होऊ शकतो, आणि सगळे गप्प आहेत असाही होऊ शकतो. आकडा एकटा असेल तर दोन्हींत फरक करता येत नाही. सल्लागारांचे जाळे असलेल्या विद्यापीठाला आणखी एक आकडा देता येतो: नाव, विभाग किंवा ओळख पटेल असे काहीही न सांगता, वर्षभरात किती जण सल्लागारांना भेटले, आणि त्यांपैकी किती जणांनी पुढे औपचारिक तक्रार केली. चाळीस जण बोलले आणि दोघांनी तक्रार केली असे दिसले, तर उरलेल्या अडतिसांना कशाने अडवले हे विचारता येते: मुदतीने, समितीच्या रचनेने, गाइडच्या सहीने की मागच्या प्रकरणाच्या निकालाने. त्यासाठी सल्लागारांनी सत्राच्या शेवटी एकत्र बसून, व्यक्तींविषयी अवाक्षर न काढता, फक्त अडथळ्यांची यादी करावी, आणि विद्यापीठाने ती यादी तक्रारींच्या संख्येशेजारी, त्याच पानावर छापावी.